दाखवणं आणि पूजणं

(राहुरी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी शाळेत मराठी शिकवत. जत्रेतला तमाशा हाही मराठीचाच धडा आहे, असं ते मानत. म्हणून आजचा विषय मी तमाशापासूनच सुरू करतो. विषय नाजूक आहे. इस्लाम मानणाऱ्या माणसानं दुसऱ्या धर्मातली पूजाअर्चा दाखवणारी करमणूक पाहावी का? तीत काम करावं का? ती लिहावी का? मी मुसलमान आहे, नमाज पढतो, आणि उभी हयात मराठी साहित्य शिकवण्यात घालवली आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्या घरातलाच आहे.

आपल्या जिल्ह्याच्या हद्दीपासून फार लांब नाही असं, शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई हे गाव. तिथले बशीर मोमीन, म्हणजे आपल्याला ठाऊक असलेले बी. के. मोमीन कवठेकर. तमाशाच्या फडांसाठी त्यांनी गण लिहिले, गवळणी लिहिल्या, लावण्या लिहिल्या, वग लिहिले. विठाबाई नारायणगावकरांच्या नावाचा राज्य सरकारचा जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. 2021 साली ते गेले. गण म्हणजे गणपतीचं स्तवन, गवळण म्हणजे कृष्ण आणि गोपी. मुसलमानाच्या लेखणीतून उतरलेला गण गावोगावच्या जत्रेत ढोलकीवर उभा राहत होता आणि समोरच्या हजारो माणसांना त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. मराठीत ही जुनी रीत आहे. पेशवाईच्या अखेरच्या काळातला सगनभाऊ हा मुसलमान शिकलगार, होनाजीच्या तोडीचा शाहीर. शेजारच्या संगमनेरचा अनंत फंदी ब्राह्मण; पण त्याच्या नावातलं ‘फंदी’ हे मलक फंदी या मुसलमान फकिराच्या संगतीतून आलं, असं परंपरा सांगते. आणि आपल्याच जिल्ह्यात श्रीगोंद्याला ‘योगसंग्राम’ लिहिणारे संत शेख महंमद होऊन गेले.

ही नावं आपण भाषणात घेतो, टाळ्या पडतात आणि विषय तिथंच संपतो. मला तो तिथं संपवायचा नाही. या माणसांनी जे केलं ते त्यांच्या धर्माच्या चौकटीत बसतं का, हा प्रश्न त्यांच्या घरात, त्यांच्या मशिदीत, त्यांच्या स्वतःच्या मनात विचारला गेला असणारच. त्याचं उत्तर ‘कलेला धर्म नसतो’ असं म्हणून देता येत नाही. कलावंताला धर्म असतो. तो रात्री फडावर असतो आणि शुक्रवारी जुम्म्याला सफीत, नमाजाच्या रांगेत, उभा असतो.

आधी एक गैरसमज बाजूला करतो. ‘मुसलमानांना टीव्हीवर हिंदू देव चालत नाहीत,’ असं सरसकट बोललं जातं. वस्तुस्थिती तशी नाही. देवबंद असो वा बरेली, कडक मताच्या आलिमाला, धर्मपंडिताला, सिनेमा मुळातच नापसंत आहे. त्याची कारणं क्रमानं येतात: सजीवाची तसवीर, वाद्यसंगीत, स्त्री-पुरुषांचं उघडं वावरणं. पडद्यावरच्या पूजेचा प्रश्न त्यानंतरचा. म्हणजे ‘मुघल-ए-आझम’बद्दल त्याचं मत ‘जय संतोषी माँ’पेक्षा फार सौम्य नसतं. आणि पवित्र व्यक्तीचं चित्रण हा मुद्दा घेतला, तर त्याचा सगळ्यात तीव्र आक्षेप स्वतःच्याच पैगंबरांना पडद्यावर आणण्याला असतो. मुस्तफा अक्कड यांनी 1976 साली ‘द मेसेज’ हा पैगंबरांच्या जीवनावरचा चित्रपट केला. त्यात पैगंबर एकदाही दिसत नाहीत, त्यांचा आवाजही ऐकू येत नाही. बाकीची पात्रं कॅमेऱ्याकडे पाहून बोलतात आणि ते तिथं आहेत असं आपण समजायचं. पण त्याच चित्रपटात मक्केच्या काब्यातल्या मूर्ती दिसतात, त्यांच्यापुढे नवस बोलणारे कुरैश टोळीचे लोक दिसतात. ते दाखवल्याशिवाय तौहीदची, एकाच ईश्वराची कथा सांगणार कशी? त्या कुरैशांची कामं अरबी आवृत्तीत अरब नटांनी केली. मूर्तीपुढे उभं राहण्याचा अभिनय केल्यानं ते काही इस्लाममधून बाहेर पडले नाहीत.

माझं सगळं म्हणणं याच्याभोवती आहे. पूजा दाखवणं आणि पूजा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा भेद कुणा आधुनिक सुधारकानं बाहेरून आणलेला नाही. इस्लामी परंपरेच्या आतच तो आहे. मी मुफ्ती नाही, फतवा देण्याचा मला अधिकार नाही. फतवा म्हणजे तरी काय? विचारलेल्या प्रश्नाला जाणकारानं दिलेलं उत्तर. न्यायालयाचा तो हुकूम नसतो, आणि त्याच प्रश्नाला दुसरा जाणकार दुसरं उत्तर देऊ शकतो. मी एक वाचक म्हणून जे वाचलं ते आपल्यापुढे ठेवतो.

कुराणाच्या सहाव्या सूरेत, अल्-अनआममध्ये, इब्राहीमची एक गोष्ट आहे. रात्र पडते, त्याला तारा दिसतो, तो म्हणतो हा माझा पालनकर्ता. तारा मावळतो, तो म्हणतो मावळणारे मला प्रिय नाहीत. मग चंद्र, मग सूर्य. प्रत्येक वेळी तोच प्रकार. शेवटी तो सांगतो की, मी माझं तोंड आकाश आणि पृथ्वी घडवणाऱ्याकडे वळवलं आहे. आता भाष्यकारांपुढे पेच पडला. इब्राहीमसारखा पैगंबर ताऱ्याला पालनकर्ता म्हणेलच कसा? फार मोठ्या भाष्यकारांनी, त्यात इब्न कसीर आले, उत्तर दिलं की हा वादविवाद होता. समोरचे लोक ताऱ्यांना पूजणारे होते. त्यांची भूमिका क्षणभर आपल्या तोंडी घेऊन तिचं अपुरेपण त्यानं त्यांना दाखवून दिलं. दुसऱ्याची श्रद्धा स्वतःच्या तोंडी घेणं, तीही स्वतः तिला न मानता, ही गोष्ट त्या भाष्यकारांना पैगंबराच्या बाबतीतही शक्य आणि निर्दोष वाटली. नाटकातला नट याहून वेगळं काय करतो, हा प्रश्न मी जाणकारांवर सोडतो. याच सूरेत पुढे असंही सांगितलं आहे की, लोक अल्लाहशिवाय ज्यांना हाक मारतात त्यांना तुम्ही शिव्या देऊ नका. हा भाग आमच्या वाझमध्ये, प्रवचनांत, अधिक वेळा यावा अशी माझी फार इच्छा आहे.

तसवीरीबद्दलच्या हदीसही सलग वाचायला हव्यात. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांनी घरात चित्रांचा पडदा लावला होता. पैगंबरांना तो आवडला नाही. त्यांनी तो काढला आणि आयेशांनी कापून त्याच्या उशा केल्या. त्या उशांना टेकून पैगंबर बसत. चित्र तेच. भिंतीवर टांगलं तेव्हा आक्षेप, टेकायला घेतलं तेव्हा नाही. आयेशांकडे बाहुल्या होत्या, त्यात पंखांचा एक घोडा होता, आणि तो पाहून पैगंबर हसले, असं अबू दाऊदच्या संग्रहात आहे. ईदच्या दिवशी मशिदीच्या आवारात हबशी लोक भाल्यांचे खेळ करत होते. आयेशांचं मन भरेपर्यंत पैगंबरांनी त्यांना ते पाहू दिले, हे तर बुखारीच्या हदीससंग्रहातच आहे. वस्तू एकच असली तरी ती कुठं आहे, तिच्यापुढे माणूस काय करतो आणि कोणत्या नीयतीनं करतो, यावर उत्तर ठरतं. हे मला माझ्या नानीनं पुस्तकाशिवाय शिकवलं.

1987 साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ लागू लागलं. आमच्या गल्लीत टीव्ही एकाच घरी होता, वाण्याच्या. मालिका सुरू व्हायच्या आधी वाणीणकाकू टीव्हीला हार घालत, उदबत्ती लावत, निरांजन ओवाळत. बाहेर चपलांचा खच पडलेला असे. माझी नानी तेवढा वेळ ओट्यावर बसून राहायची, डोक्यावरचा पदर नीट करत, सुपारी कातरत. ओवाळून झालं की काकू स्वतः दारात येऊन म्हणायच्या, “चला आपा, झालं आमचं.” मग नानी आत जाऊन बायकांच्या रांगेत बसायची आणि भरताच्या प्रसंगाला सगळ्यांत आधी डोळ्यांना पदर लावायची. निरांजनापुढे ती कधी बसली नाही. कथेपुढून ती कधी उठली नाही. काकूंना त्यात अपमान वाटला नाही आणि नानीला धर्मसंकट वाटलं नाही. अल्-अझहरमध्ये शिकलेल्या माणसानं जी रेषा दहा पानांत समजावली असती, ती त्या दोघींनी एका उंबऱ्यावर सांभाळली.

आता इतिहासातला माझा सगळ्यात आवडता साक्षीदार. अकबराच्या दरबारात अब्दुल कादिर बदायूनी नावाचा विद्वान होता. कट्टर सुन्नी. अकबराच्या धार्मिक प्रयोगांवर मनातून जळणारा, आणि ते सगळं गुपचूप आपल्या इतिहासग्रंथात लिहून ठेवणारा. अकबरानं महाभारताचं फारसी भाषांतर करवून घेतलं, तोच ‘रझ्मनामा’. त्या कामात बदायूनीला जुंपलं. पाठोपाठ रामायणाचं काम त्याच्या गळ्यात पडलं. चार वर्षं तो त्यावर होता. बादशहाचा हुकूम मोडता येत नाही आणि मनाला तर पटत नाही. रामाची कथा, देवांचे अवतार, यज्ञ, वर, शाप, सगळं त्याला ओळीमागून ओळ फारसीत उतरवायचं होतं. काम पुरं झाल्यावर बादशहानं सांगितलं, प्रस्तावना लिही. इथं तो अडला. कारण दरबारातल्या त्या वेळच्या प्रथेप्रमाणे पैगंबरांच्या स्तुतीशिवाय ती लिहावी लागली असती. आपल्या इतिहासात तो या कामाबद्दल अल्लाहकडे पनाह मागतो आणि एका जुन्या फारसी वचनाचा आधार घेतो: नक्ल-ए-कुफ्र कुफ्र नव्हे. म्हणजे दुसऱ्याच्या श्रद्धेचे बोल सांगितल्यानं सांगणारा ती श्रद्धा पत्करत नाही.

मला बदायूनी महत्त्वाचा वाटतो तो यासाठी की तो उदारमतवादी नव्हता. अकबराच्या विश्वासातल्या अबुल फझलनं असं म्हटलं असतं तर ‘दरबारी माणूस’ म्हणून सोडून देता आलं असतं. रामायणाची किळस वाटणाऱ्या माणसालासुद्धा आपल्या परंपरेत स्वतःच्या बचावाचं वचन सापडलं. पुढच्या पिढ्यांतल्या मौलवींनी, मुनाझरे, म्हणजे धार्मिक वादविवाद, करणाऱ्यांनी, इतिहासकारांनी हेच वचन हजारदा वापरलं आहे. ते वापरल्याशिवाय त्यांना दुसऱ्या धर्मावर एक ओळही लिहिता आली नसती. बदायूनीच्याही आधी बगदादच्या खिलाफतीच्या काळात इब्न अल्-कल्बीनं अरबस्तानातल्या मूर्तींवर अख्खं पुस्तक लिहिलं होतं. कोणत्या टोळीची मूर्ती कोणती, ती कुठं उभी होती, तिला काय वाहत, सगळं. अल्-बिरूनीनं 1030च्या सुमाराला हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला आणि आपण वाद घालायला बसलेलो नाही, हिंदू जे मानतात ते त्यांच्याच शब्दांत सांगतो आहोत, असं सुरुवातीलाच स्पष्ट केलं.

आणि आपलं नगर? 1595-96 साली चांदबिबीनं नगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवला, हे आपल्याकडे शाळेतल्या पोराला माहीत असतं. वेढा घालणाऱ्या सरदारांत अब्दुर्रहीम खानखानान होता. पुढच्या काही वर्षांत याच खानखानानच्या चित्रशाळेत फारसी रामायणाची सचित्र प्रत तयार झाली. ती आज अमेरिकेत वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. आणि किल्ल्यातल्या चांदबिबीनं विजापुरात ज्या पुतण्याचा सांभाळ केला, तो इब्राहीम आदिलशहा दुसरा ‘किताब-ए-नवरस’मधल्या गीतांत सरस्वतीला आणि गणपतीला नमन करत होता. तटाच्या बाहेर रामायण रंगवून घेणारा मुसलमान, तटाच्या आतल्या बाईच्या घरी सरस्वती गाणारा मुसलमान. लढाई कशासाठी चालली होती ते सर्वांना ठाऊक आहे. ती राज्यासाठी होती.

इतकं सांगून मी थांबलो तर आपली फसवणूक होईल. दुसरी बाजू आहे आणि ती दुबळी नाही.

हनफी ग्रंथांत एक कडक नियम आहे. कुफ्राचा शब्द थट्टेनं उच्चारला तरी तो गंभीर गुन्हा आहे, कारण थट्टा म्हणजे दीनाचा, धर्माचा, अनादर. त्यावरून अनेक आलिम म्हणतात की नटानं मूर्तीपुढे हात जोडणं, मंत्र म्हणणं हे ‘फक्त अभिनय’ म्हणून सुटत नाही. कुराणाच्या पंचविसाव्या सूरेत रहमानच्या बंद्यांची लक्षणं सांगताना ते असत्याच्या ठिकाणी हजर राहत नाहीत असं म्हटलं आहे, आणि सुरुवातीच्या काही भाष्यकारांनी त्याचा अर्थ बहुदेवपूजकांच्या सणांना हजर न राहणं असा लावला. शिर्क, म्हणजे अल्लाहच्या जोडीला दुसऱ्या कुणाला पूजणं, हा इस्लाममधला सगळ्यात मोठा गुन्हा. त्याच्या आसपासही फिरकू नये, मुलांच्या मनावर त्याची मोहिनी बसू नये, ही काळजी खोटी नाही. आपल्या पोरांनी दारूचं कौतुक करणारी गाणी ऐकू नयेत असं आपल्याला वाटतंच की.

या काळजीला सत्ता मिळाली की काय होतं, ते मलेशियात दिसलं. केलांतान राज्यात शेकडो वर्षं मुसलमान कलावंत चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांतून रामायण दाखवत आले होते. 1990 साली तिथं इस्लामी पक्षाचं राज्य आलं आणि पाठोपाठ ‘वायांग कुलित’वर, ‘माक योंग’ या नृत्यनाट्यावर बंदी आली. कारण दिलं गेलं की त्यात गैरइस्लामी विधी आहेत. पुढे अटी घालून बंदी सैल केली गेली, पण मधल्या काळात वृद्ध कलावंत गेले आणि शिष्य दुसऱ्या धंद्याला लागले. तिथून समुद्र ओलांडून जावात यावं, तर चित्र उलटं. बहुसंख्य प्रजा मुसलमान, आणि रात्र रात्र महाभारत सांगणारे दलांग, म्हणजे सूत्रधार, तेही मुसलमान. जावात इस्लाम रुजवणाऱ्या वलींपैकी सुनान कालिजागा यांनी धर्मप्रसारासाठी हेच वायांग वापरलं, असं तिथले लोक सांगतात. एकच दीन, एकच कला, दोन उत्तरं. म्हणून ‘इस्लाम असं म्हणतो’ असं वाक्य कुणी फेकलं की मी विचारतो, कुठला आलिम, कुठल्या प्रश्नाला, कुठल्या गावात?

केलांतानच्या निर्णयाशी मी सहमत नाही. पण त्यामागच्या प्रश्नाला मान द्यावा लागतो, कारण आपल्याकडचा गण हा सिनेमापेक्षा अवघड आहे. सिनेमात पूजा होते ती सेटवर. कॅमेरा बंद झाला की पुठ्ठ्याचं देऊळ सोडवतात. जावातल्या पडद्यावर सावली असते. गणात तसं नाही. गण हा खेळाचा भाग आहे आणि खरं नमनही आहे. फडात खेळाआधी वाद्यांची पूजा होते, नारळ फुटतो, चाळाला हळदकुंकू लागतं. झीलकऱ्यांच्या तोंडचं गणपतीचं नाव हे कुणा पात्राचं बोलणं नसतं. इथं दाखवणं कुठं संपतं आणि पूजणं कुठं सुरू होतं?

माझे एक मामू फडात ढोलकी वाजवत. लहानपणी एका जत्रेत मी त्यांच्यामागे कनातीत बसलो होतो. फडमालकानं नारळ फोडला तेव्हा मामू उठून कनातीच्या दाराशी गेले आणि बिडी न पेटवता नुसते उभे राहिले. सगळं उरकल्यावर आले, ढोलकी मांडीवर घेतली, शाईवर बोट फिरवून सूर पाहिला, कड्या सरकवल्या, पुटपुटले “बिस्मिल्लाह” आणि पहिली थाप मारली. बाहेर गण सुरू झाला. तुणतुण्यावर सुरत्या, मधे मामूंची ढोलकी, आणि लय अशी की पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांच्या माना डोलू लागल्या. फडात कुणी त्यांना विचारलं नाही की तुम्ही नारळाला का थांबला नाहीत. मशिदीत एकानं विचारलं होतं की गण का वाजवता. मामूंनी सांगितलं, “मी वाजवतो तो ताल आहे. नमन ज्याचं त्याचं.” विचारणाऱ्याचं समाधान झालं नाही. मामूंची नमाज सुटली नाही, ढोलकीही सुटली नाही.

मामूंचं उत्तर सगळ्यांना लागू पडतं असं मी म्हणत नाही. ढोलकीवाल्याला जी वाट आहे ती गण लिहिणाऱ्याला नाही. त्याला शब्द घडवावे लागतात. मोमीन कवठेकरांचं त्यावरचं उत्तर काय होतं ते त्यांच्या आणि त्यांच्या रब्बच्या मधलं आहे. बुखारीच्या संग्रहातली पहिलीच हदीस सांगते की कर्माचं मोल नीयतीवर ठरतं, आणि नीयत तपासण्याचं यंत्र ना मौलवीकडे आहे ना शेजाऱ्याकडे. म्हणून गणाच्या बाबतीत माझं मत असं: दोन्हीकडे आधार असलेल्या या प्रश्नात कलावंतानं स्वतःच्या ईमानाला विचारून जे ठरवलं असेल ते बाकीच्यांनी मान्य करावं. जो लिहितो त्याला काफर म्हणू नये. जो नाकारतो त्याला कडवा म्हणू नये.

हे दुसरं वाक्य मी विशेष करून माझ्या हिंदू मित्रांसाठी म्हणतो आहे. आपण सगळे 1952च्या ‘बैजू बावरा’तल्या भजनाचा दाखला देतो. शकील बदायुनींचे शब्द, नौशादांचं संगीत, रफीसाहेबांचा आवाज, तिघेही मुसलमान. दाखला खरा आहे, भजन अजोड आहे, मला ते ऐकताना आजही भरून येतं. पण तो दाखला हळूहळू परीक्षा झाला आहे. ‘रफी गाऊ शकले, मग तुमचं काय अडतं?’ रफीसाहेब हजला जाऊन आलेले, नमाजी माणूस. त्यांनी ते भजन गायलं ते गायक म्हणून, आपल्या कामाच्या निष्ठेनं. चांगल्या मुसलमानाचं प्रमाणपत्र मिळवायला गायलं नव्हतं. राही मासूम रझांना बी. आर. चोप्रांनी ‘महाभारत’ मालिकेचे संवाद लिहायला सांगितलं. त्यांनी आधी नकार दिला. मुसलमान लेखक कशाला, अशी पत्रं आली, तेव्हा त्यांनी होकार दिला. गंगेकाठच्या गाझीपूरचा हा माणूस म्हणाला की मीही गंगेचाच मुलगा आहे. 1988 ते 1990 देशानं ते संवाद ऐकले. म्हणजे त्यांना अडवू पाहणारे या वेळी मौलवी नव्हते. आणि 2019 साली अभिनेत्री झायरा वसीमनं, ऐन यशात असताना, आपल्या ईमानाशी जुळत नाही म्हणून सिनेमा सोडला. तिच्यावर किती तुटून पडले लोक! ज्या स्वातंत्र्यानं रझा महाभारत लिहितात, त्याच स्वातंत्र्यानं एक मुलगी पडद्यापासून दूर होते. एकाचं कौतुक आणि दुसरीचा धिक्कार करणाऱ्याला स्वातंत्र्याचं काही पडलेलं नसतं. त्याला फक्त आपल्या बाजूचा माणूस हवा असतो.

जाता जाता व्ही. शांतारामांची आठवण. 1941 साली प्रभातनं ‘शेजारी’ काढला, हिंदीत ‘पडोसी’. हिंदी आवृत्तीत त्यांनी हिंदू ठाकूरची भूमिका मझहर खानांना दिली आणि मुसलमान मिर्झाची गजानन जागीरदारांना. गावात धरण व्हायचं असतं, त्यावरून दोन जिवलग शेजाऱ्यांत फूट पाडली जाते. मुळा धरणाच्या तालुक्यात तो चित्रपट एकदा पुन्हा लावावा, अशी माझी या व्याख्यानमालेच्या आयोजकांना विनंती आहे. दोन्ही नटांनी परक्या धर्माचं वागणं-बोलणं किती अदबीनं उचललं आहे ते नव्या मुलांना दिसेल.

शेवटी शाळेबद्दल, कारण हा प्रश्न आज सिनेमापेक्षा शाळेत जास्त येतो. आषाढी एकादशीला बालवाडीपासून सगळीकडे दिंडी निघते. बुरख्यातली आई, तिच्या हाताला धरून विठोबाच्या वेशातलं पोर, असा फोटो दरवर्षी कुठून तरी येतो आणि हजारो मोबाइलवर फिरतो. फोटो गोड असतो. पण त्या आईला कुणी विचारलं होतं का, की हा फोटो गावभर फिरवू का? दुसऱ्या दिवशी तिला दोन्हीकडून काय काय ऐकावं लागलं, याची चौकशी फोटो पाठवणारा करत नाही. एका शिक्षिकेनं मला विचारलं होतं, “सर, मुसलमान पालकांनी नको म्हटलं तर मी काय करू?” मी त्यांना सांगितलं, आधी विचारा, आणि एकांतात विचारा, पालकसभेत सगळ्यांदेखत नको. मुलाला दिंडीत चालायचं असेल आणि आईबाप आनंदानं पाठवत असतील, तर त्याला विठोबा करा, वारकरी करा, पताका द्या. लहान मुलाचं सोंग म्हणजे पूजा नव्हे, हे घरच्यांनाही शांतपणे समजावून सांगता येतं. आरतीच्या वेळी त्याला बाजूला उभं राहायचं असेल तर राहू द्या, ओढून पुढं आणू नका, आणि त्यावरून वर्गात चकार शब्द काढू नका. ज्यांना नकोच आहे त्यांच्या मुलाला टाळ-मृदंगाच्या मागे घंटा वाजवायलाही उभं करू नका. त्या दिवशी रांगोळीचं, पाणी वाटण्याचं, फोटो काढण्याचं काम द्या. आणि हेच ईदच्या कार्यक्रमात हिंदू मुलांच्या बाबतीत. टोपी घालून कव्वालीत टाळ्या वाजवायच्या की नाहीत, ते त्यांच्या घरानं ठरवावं.

त्या बाईंनी तसं केलं. त्या वर्षी वर्गातल्या तीन मुसलमान मुलांपैकी एक तुकाराम झाला, एकानं पताका धरली, आणि तिसऱ्याच्या वडिलांनी नको म्हटलं. तो दिंडीबरोबर पाण्याचं पिंप घेतलेल्या हातगाडीमागे चालला आणि दुपारपर्यंत सगळ्या वारकऱ्यांना पाणी पाजत होता. त्याच्या वडिलांनी पुढच्या वर्षीही नाहीच म्हटलं, आणि बाईंनी पुढच्या वर्षीही त्याला हातगाडीच दिली.